करंगळीची खरी हकिकत

आई, तुझ्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. तू गेलीस आणि या घरात लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडणारं कोणी उरलं नाही. आम्ही चार सुशिक्षित माणसं आळीपाळीनं तिच्याशी झटतो, गरम पाण्यात धरतो, सुरीनं टोचतो आणि शेवटी खिचडी नुसतीच खातो. तू बोलणं न थांबवता एकदा फिरवायचीस, संपलं.

बायका फुटबॉल खेळतात हेच लोकांना ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याच हातांनी तू भारताचा गोल राखलास. बडनेऱ्याच्या रेल्वे कॉलनीत गोलकीपर व्हायला एकही पोरगा तयार नसायचा, म्हणून त्यांनी तुला उभं केलं. तिथून तू परदेशापर्यंत गेलीस, पुरुषांच्या संघाच्या उतरलेल्या जर्सीत, बाह्या दुमडून. तिथल्याच एका सामन्यात तू समोरून आलेल्या मुलीच्या पायांवर झेपावलीस आणि डावी करंगळी मोडली. ती बाहेर वाकली ती कायमची. "अडवलेले कोणाच्या ध्यानात राहत नाई, पोरी," तू म्हणायचीस, "सुटलेला एक सगळ्यांले पाठ असते."

मग अमरावतीतली आपली बैठकीची खोली. अकोल्याच्या जुन्या शहरातून मला पाहायला मंडळी आली आहेत. वकिलांचं घराणं, सोवळं कडक. तू चहा देतेस, आणि ज्या बाई पुढे माझ्या सासूबाई झाल्या त्यांची नजर करंगळीवर थांबते. "बोटाले काय झालं हो?" तू तोंड उघडायच्या आत मीच सांगते, "रेल्वेच्या डब्याच्या दारात सापडलं." हाफपँट घालून चेंडूवर उडी मारणारी विहीण या लोकांना चालायची नाही, त्या वयात मला व्यवहार फार कळायचा. तू माझ्याकडे पाहतेस, जरासंच. मग म्हणतेस, "हो ना, बडनेऱ्यालेच." मी आपल्याच गोलवर मारलेला चेंडू तू असा अडवलास. पुढे तू इथे माझ्या सासरी आलीस आणि टीव्हीवर सामना लागला, की उठून भाजी निवडायला जायचीस.

काल सासूबाईंना सांगून टाकलं. खोटं कोणाचं होतं, तेही सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला.

"अवं, मंग इतकी वर्सं काहून नाई सांगितलं? ते बाई घरी जायले निघाली, का मी म्हणो, विहीणबाई, गाडीचं दार जपून! देशासाठी खेळलेल्या बाईले मी दार शिकवत राहिली!"

तू दर वेळी हसून "हो, जपते" म्हणायचीस, ते मला आठवलं, त्यांनाही आठवलं असावं. त्यांनी तांदळातले दोन खडे वेचले. मग त्यांनी हळूच विचारलं, "बॉल तरी अडला का?"

मी म्हटलं, "अडला."

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते: मला माहीत नाही, आई. मी तुला कधी विचारलंच नाही.