देवांच्या फोटोमागचं तापमान

बाबा, तुमचा थर्मामीटर सध्या अमरावतीत, राजापेठच्या आमच्या घरी, कपाटामागे खिळ्याला लटकला आहे. बाहेर चव्वेचाळीस, तिथे एकोणतीस. तुम्हाला यात नवं काही नाही. मला मात्र हे कळायला लेकीला डेंग्यू व्हावा लागला.

अकोल्याचं घर आठवतं. तुम्ही हिवतापाच्या खात्यात, खेड्यांतल्या गोठ्यांतून काचेच्या नळीने डास ओढून धरणारे, मी एम.ए.ला, ग्रीष्माची संस्कृत वर्णनं पाठ करत कूलरसमोर आडवा. त्या मे महिन्यात तुम्ही हा थर्मामीटर देवघरात, फोटोंच्या मागे अडकवता आहात आणि आई पदर खोचून उभी आहे. "देवाले ताप आला काय?" तुम्ही गंभीरपणे म्हणता, "देवाले नाही. त्याच्या मांगं जो लपून राहिला, त्याले पाहतो." मी शहाणपणा केला: पेपरात पंचेचाळीस छापलंय, एवढ्या उन्हात डास जगतोच कुठे? "मच्छर काय पेपर वाचते? तो जेथी बसला तेथचं सांग. फार तापलं त तो मरते, फार थंड असलं त त्याच्या पोटात रोग पिकत नाही. मधातली ऊब वाईट, आंब्याच्या आढीसारखी. अन् थे आपणच कूलर लावून त्याले देतो." मग दौऱ्यावर निघताना तुम्ही माझ्या छातीवर वही ठेवलीत. आठ दिवस, रोज दुपारी उठून फोटोमागचा आकडा लिहायचा.

पुढे मला नोकरी लागली. प्राध्यापकाच्या बापाने पेन द्यावं. तुम्ही हा थर्मामीटर दिलात. "उठून पाहत जाजो," एवढंच म्हणालात. तो इतकी वर्षं माझ्या शब्दकोशांच्या मागे सुखाने पडून होता.

यंदा लेकीला ताप यायच्या आधी आठवडाभर तुमची सून सांगत होती, "अहो, कपाटामागून मच्छर उडून राहिले, काहीतरी करा." मी ऐटीत म्हणालो, "या उन्हात? दोन दिवसांत मरतील." कूलरची टाकी मी दर रविवारी घासत होतो, तेवढं पुण्य माझ्या नावावर आहे, पण पडदे ओढून खोली गार, अंधारी ठेवली, ती लेकीच्या अभ्यासासाठी असं मीच समजत होतो. दवाखान्यात सलाईन चालू असताना ती विचारते, "पप्पा, एवढ्या उन्हात मच्छर जगला कसा?" ग्रीष्मावर जन्मभर व्याख्यानं देणारा माणूस सलाईनचे थेंब मोजू लागला. प्लेटलेट्स उतरत होत्या त्या तीन दिवसांत मला एकही श्लोक आठवला नाही. फक्त तुमची आढी आठवत होती.

आता ती बरी आहे, आंबे मागते, टोमणे मारते. घरी येताच मी कपाट ओढलं, टांगलेले कपडे काढले, कोपरे झाडले, आणि तुमचा थर्मामीटर लावला. रोज दुपारी उठून आकडा लिहितो. "आबांनी दिलेला होमवर्क का?" ती पलंगावरूनच विचारते. मी हो म्हणतो. किती उशिरा, ते सांगत नाही.

तिला सांगितलं नाही ते तुम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. त्या वहीतले आठही आकडे मी कूलरसमोर पडल्या पडल्या लिहिले होते, पेपरातल्या आकड्यातून थोडे वजा करून, रोज जरा फरक ठेवून. दौऱ्यावरून आल्यावर तुम्ही चष्मा लावून ते पान बराच वेळ पाहिलंत, वही मिटलीत आणि म्हणालात, "अक्षर चांगलं आहे तुयं."