इरावतीची सोळा पानं

केज,
गुरुवार

ती. भगवानराव दाजी यांना सुंदरबाईचा वाकून नमस्कार.

मी इकडे बरी आहे. तुमची शुगर आणि विमलवन्संचा गुडघा दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालते. वन्संना म्हणावं, जिना टाळा, आणि तेल मी पाठवलेलंच लावा, टीव्हीतलं नको. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते (जन्मभर हेडमास्तरकी केलेल्या माणसाला दुसरं जमणारही नाही), आणि या वेळी मला बोलायचं आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फार तर न वाचता ठेवून देता येतं, पण तसं तुम्ही फक्त पुस्तकांच्या बाबतीत करता.

आमच्या ह्यांचं पुस्तक, 'माझ्या हाताखालची जनावरं', तुम्हाला आठवत असेल, कारण त्याची प्रस्तावना तुमची आहे. सरकारी कागदावर हे व्रणोपचारक होते, म्हणजे गावाच्या भाषेत ढोरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर. निवृत्तीनंतर रोज सकाळी लिहायला बसायचे. मला एक ओळ दाखवली नाही. छापून आल्यावर वाच, म्हणायचे. मी चौथी शिकलेली, पण ग्रंथालयातली निम्मी कपाटं वाचून काढलेली बाई, तेव्हा माझी त्यांना थोडी भीती होती असं मला वाटतं. पुण्याच्या प्रकाशकांना पाठवलं तर कोणी उत्तर देईना. एकाने दिलं, की विषय चांगला आहे पण लेखकाचं नाव नाही. (नाव पहिल्याच पानावर होतं.) मग तुम्हीच ते 'पॅकेज'वाले प्रकाशक आणून दिले. आपले पैसे, त्यांचं नाव, वर शाल, श्रीफळ आणि एक राज्यस्तरीय पुरस्कार. पुरस्कार कोणता हवा तेही विचारलं होतं. ह्यांनी शाल नको म्हणून सांगितलं, त्याऐवजी कागद जरा जाड घाला. पुस्तक छापखान्यात गेलं आणि महिन्याच्या आत हे गेले. नामवंत लेखकाची पुस्तकं न्यायला दुकानदार गाडी पाठवतात. आमची पुस्तकं घरी आणून टाकायला टेम्पो आला, तो ह्यांच्या तेराव्यानंतर. गठ्ठे अजून दिवाणाखाली आहेत. हाताने लिहिलेली वही छापखान्याने रद्दीत घातली.

आता जे सांगते ते तीन वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांच्या पुस्तकात चौसष्टाव्या पानापर्यंत जनावरं आहेत. खुरं, जंतांची औषधं, लाथाळ गायी, सगळं जसं हे बोलायचे तसं. पासष्टाव्या पानावर एकदम इरावती येते. कुठल्याशा फ्लॉरेन्स नावाच्या गावी, सज्जात, वाइनचा पेला घेऊन. आणि 'मी' तिच्या मानेकडे बघत शून्याचा विचार करतो. असं सोळा पानं चालतं. तुम्ही म्हणाल, वाचून सोडून द्यायचं. नवऱ्याच्या पुस्तकातली इरावती सोडून देणारी बाई मला दाखवा.

मी पुष्कळ तपास केला. हे केजच्या बाहेर फारसे गेलेच नव्हते. एकदाच खात्याच्या ट्रेनिंगला चार दिवस पुण्याला गेलते. माझा सगळा संशय त्या चार दिवसांवर जाऊन बसला. दवाखान्यातल्या बदलून गेलेल्या डॉक्टरीणबाईंचं नाव विचारून आले, ते चैताली निघालं. मग वाटलं, इरावती एखादी जर्सी गाय असेल, हे गायींना नावं ठेवायचेच. त्या आशेने पुन्हा सगळं वाचलं. पण गाय वाइन पीत नाही. आणि खरा घाव पुढेच होता. ऐंशीव्या पानाच्या शेवटी तो इरावतीला विचारतो की तू सुखी आहेस का, 'तेव्हा ती' असं म्हणून पान संपतं. समोरच्याच पानावर, एक्याऐंशीवर: 'म्हणाली, तुम्हाला कशाला सांगू, ते आमच्या दोघींतलं हाय.' दाजी, हे माझं वाक्य आहे. लग्नानंतर मी ह्यांना म्हणाले होते. माझं वाक्य त्या बाईच्या तोंडी घातलं हे वाचून मी ह्यांचा फोटो बैठकीतून काढला आणि धान्याच्या कोठीमागे ठेवला. वर्षश्राद्धाला वन्संनी विचारलं, तेव्हा फ्रेमला वाळवी लागली म्हणून सांगितलं. वाळवी लागलीच होती, पण फ्रेमला नाही. रडायचं माझं थांबलं नव्हतं, पण रडताना मध्येच राग यायचा, आणि मग धड दोन्हीही होत नव्हतं.

बरं, तुम्ही सगळ्यांनी ह्या पुस्तकाचं कौतुक केलंत. प्रकाशनाला तुम्ही तासभर बोललात. नातेवाइकांनी सांगितलं की लई भारी लिहिलंय, डोळ्यांत पाणी आलं. पण एकानेही मला विचारलं नाही की वहिनी, ही इरावती कोण. आधी मला वाटलं, माझी लाज राखण्यासाठी विचारत नसतील. दोन वर्षं मी या सभ्यतेचे मनातल्या मनात आभार मानत होते. मग एकदा नाथाभाऊंच्या घरी पाहिलं, त्यांनी ह्यांचं पुस्तक कूलरच्या पायाखाली घातलं होतं, आणि कोऱ्या पुस्तकाला येतो तसा त्याला अजून शाईचा वास येत होता. तेव्हा उलगडा झाला की आपल्या नातेवाइकांत सभ्यता एवढी नाही.

आता इकडचं. आमच्या ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला श्री. चंद्रहास राजगुरे येणार असं ठरलं. तेच, 'निळ्या निरर्थाचे काठ'वाले, ज्यांच्या त्या कादंबरीवर तुम्ही दिवाळी अंकात लिहिलंत. पाहुण्यांचं पुस्तक वाचून जावं म्हणून मी ग्रंथालयातली प्रत आणली. (नामवंत लेखक दाराशी मांडलेले असतात. ह्यांचं पुस्तक 'स्थानिक लेखक' असं लिहिलेल्या कपाटात आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे आहे ते ठाऊक असलेला शिपाई निवृत्त झाला.) चौथ्याच पानावर इरावती भेटली. तीच मान, तोच सज्जा. मी पुस्तक मिटलं, पाणी प्यायले, पुन्हा उघडलं. चौसष्ट पानं इरावती, आणि पासष्टाव्या पानावर म्हैस.

म्हैस दिंद्रुडची, माझ्या माहेरच्या गोठ्यातली. लिहिणारे आमचे हे.

मी पॅकेजवाल्यांना फोन केला. त्यांनी सहज सांगितलं. पुण्याचे मोठे प्रकाशकही छपाई तिथेच करून घेतात, स्वस्त पडते. सोळा सोळा पानांचे फर्मे घडी घालून बायका ढीग लावतात आणि एकेका ढिगातला एकेक उचलून पुस्तक बांधतात. दोन्ही पुस्तकं एका मापाची, एकाच आठवड्यातली, पाचव्या फर्म्याचे ढीग इकडचे तिकडे झाले. ह्यांच्या तीनशेच प्रती, म्हणून त्या सगळ्या बाधल्या, आणि त्यांच्या हजारोंमधल्या तेवढ्याच. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण आमच्या पॅकेजमध्ये ते बसत नव्हतं आणि त्यांच्या प्रकाशकाला ते जुनाट वाटत होतं. पॅकेजवाले वर मला म्हणाले की मावशी, तुमच्या मिस्टरांची पानं एवढ्या मोठ्या पुस्तकात गेली, केवढं भाग्य.

मग मी तुमचा दिवाळी अंकातला लेख काढला. तुम्ही लिहिलंय की 'पासष्टाव्या पानावर लेखक इरावतीचा हात सोडून थेट म्हशीच्या गर्भाशयात हात घालतो, हा मराठी कादंबरीतला सर्वांत धाडसी क्षण आहे.' दाजी, हात घातला तो तुमच्या सख्ख्या मेव्हण्याने. ह्यांच्या नावाने ती म्हैस आली असती तर तुम्ही, ऑफिसचं लिहिलंय, म्हणाला असतात.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. राजगुरे साहेब 'माझी मुळं मातीत' या विषयावर बोलले. माती चांगली वर्णन केली. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी उठले आणि पुस्तक पुढे नेऊन दिलं, आणि पासष्टावं पान वाचून दाखवा म्हणाले. संयोजक भागवत धावत आला. मावशी, सायबांकडं लई वेळ न्हाई, म्हणाला. मी म्हणाले, "कावून न्हाई वाचणार? त्यांचंच तर हाय."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. 'म्हैस सकाळपासून आडवी पडली होती. रेडकाचा एक पाय मागे मुडपला होता. डोकं धरायला घरातला एक पुरुष पुढे येईना. मग एक पोरगी आली, म्हशीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मला म्हणाली, आधी हात धुवा.'

दुसऱ्या वाक्याला साहेब अडखळले. पुस्तक उलटून मुखपृष्ठ पाहिलं. तिथे त्यांचाच फोटो होता. पुन्हा पान उघडून पुढे वाचू लागले, पण आता आवाज उतरला होता. मघाशी भाषणाला टाळ्या मागून घेत होते, आता समोर बघेनात. हॉलमधली कुजबुज थांबली. मागून कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "ह्या सायबानं सोता हात घातलेला दिसतोय बे." पानांमागून पानं वाचत गेले. रेडकू जिवंत निघालं. म्हशीने त्याला चाटलं. आमच्या अण्णांनी कंपाउंडरला चहा पाजला आणि पोरीने बशी नीट पुसून दिली. हे एवढं सगळं ह्यांनी पाहिलं होतं हे मला तेव्हा कळलं. मी घरी ते वाचलेलं होतं, पण परक्या माणसाच्या आवाजात ते सगळ्यांसमोर ऐकणं निराळं. ऐंशीव्या पानावर आले. 'कळ आली की ती पोरगी म्हशीच्या कानात काहीतरी सांगायची आणि म्हैस शांत व्हायची. काय सांगितलं होतं ते मी लग्नानंतर तिला विचारलं, तेव्हा ती'

साहेबांनी समोरच्या पानाकडे पाहिलं. पलीकडे पुन्हा वाइनचा पेला. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले की लेखक इथे मुद्दाम थांबला आहे, मौन हेही लेखनच असतं. टाळ्या पडल्या, तहसीलदारांनीही वाजवल्या. हे आपण कुठे बसून लिहिलं ते आठवतं, महाबळेश्वरला, असंही ते बोलून गेले. मला तेव्हाच उठून सांगता आलं असतं. सकाळी निघताना तेच ठरवलं होतं. पण ह्यांचं लिहिलेलं एवढ्या माणसांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि माझ्या शेजारची ऋतुजा (ग्रंथपाल, ती सहसा कशाने हलत नाही) पदराने डोळे पुसत होती. मी बसून राहिले.

सह्यांच्या रांगेत मी शेवटची. टेबलावर ग्रंथालयाची प्रत उघडीच होती. साहेबांनी पेन बाजूला ठेवलं आणि खाली बघत, हळू आवाजात मला विचारलं, "पुढं काय म्हणाली ती?"

दाजी, ह्यांच्या पुस्तकाला शाल मिळाली (नको म्हटलेली), पुरस्कार मिळाला, तुमची प्रस्तावना मिळाली. पुढं काय झालं असं विचारणारा हा पहिला माणूस.

मी म्हणाले, "तुम्हाला कशाला सांगू? ते आमच्या दोघींतलं हाय."

आणि पिशवीतून ह्यांचं पुस्तक काढून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. एक्याऐंशीवं पान बघा म्हणाले आणि घरी आले. आल्या आल्या फोटो कोठीमागून काढून बैठकीत लावला. काच पुसायला बराच वेळ लागला. वन्संना सांगावं की वाळवी गेली.

तब्येतीला जपा. पेपर वाचताना उजेडात बसत जा. बाकी इकडे सगळं ठीक.

तुमची,
सुंदरबाई

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलं. साहेबांच्या ड्रायव्हरने टेबलावरची सगळी पुस्तकं उचलून गाडीत टाकली, त्यात ग्रंथालयाचीही प्रत गेली, आणि ती सोळा पानं आता माझ्याजवळ नाहीत. ह्यांचं पुस्तक मला नीट करून पुन्हा छापायचं आहे. बाधलेली दुसरी प्रत कुठे आहे ते तुमच्या लेखामुळे मला पक्कं ठाऊक आहे: तुमच्या शोकेसमध्ये, लेखकाच्या सहीची. सही मला नको. फक्त पासष्ट ते ऐंशी ब्लेडने अलगद काढून पाठवा. उरलेलं पुस्तक पहिल्यासारखंच उभं राहील, आणि तुम्हाला वाचताना काही उणं वाटणार नाही.

आणखी एक. नव्या आवृत्तीत तुमची प्रस्तावना घेत नाही, राग मानू नये. तिसऱ्या परिच्छेदात 'दीपमालाताईंच्या या पहिल्याच काव्यसंग्रहात' असं राहून गेलं आहे.

शेवटचं. पाकीट चिकटवणार तोच राजगुरे साहेबांचा फोन आला, म्हणून उघडं ठेवलं. ह्यांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं म्हणाले. फार आवडलं. फक्त मधली सोळा पानं काढा म्हणाले, तिथे लेखक कोणाची तरी नक्कल करतोय, सगळं ओढूनताणून आणलेलं आहे, आणि त्या सज्जातल्या बाईत काही जीव नाही. काढते म्हणाले. मग त्यांनी विचारलं की म्हशीच्या कानात खरंच काय सांगितलं होतं. मी सांगितलं नाही. ह्यांनी जन्मभर विचारलं, त्यांना सांगितलं नाही, तर साहेबांना कुठून सांगू.