तांदळाच्या डब्यातली फ्लॉपी

१३ जुलै ९७, रवि.
पेण-रोहा एसटी गळकी. रोह्याच्या कॉम्प्युटर क्लासात तिघांत एक मशीन. आमचा गट: मी, धरमतरकडची शारदा (एकोणीस वर्षांची), कंपनीतला नीलेश. तो पाळी करून थेट येतो, डोळे तांबडे. सर म्हणाले, अडलं तर आधी एकमेकांना विचारा, मग मला. नीलेश टाइप करतो, शारदा वाचून दाखवते, मी मान हलवते. "कळलं ना मावशी?" "व्हय." काय कळलं ते बाप्पालाच ठाऊक. हमरापूरला तीस वर्षं मूर्तींचे डोळे आखतेय, रेघ कधी हलली नाही. माउसला हात लावला की बाण कुठल्या कुठं.

२० जुलै, रवि.
प्रकल्प पुरा. हमरापूरच्या बावीस मूर्ती-कारखान्यांची यादी, माहिती माझ्या तोंडची, बोटं त्यांची. मशीनवर काही ठेवायचं नाही, गटाला एकच फ्लॉपी, परीक्षेला तीच द्यायची. शारदाच्या घरी खाडीचं खारं वारं, नीलेशची खोली चौघांत. म्हणून माझ्याकडे. नीलेश: "ओल लागू देऊ नका हो मावशी." शारदा हळूच: "नापास झाले तर बापूस मिठागरावर नेल. परत रोहा नाय."

२२ जुलै
भिंतींना ओल. रंगाच्या पुड्यासुद्धा गोळा झाल्यात. फ्लॉपी तांदळाच्या डब्यात खुपसली. बोरिक पावडर लावलेले तांदूळ वर्षभर टिकतात, ही का नाही टिकणार?

२८ जुलै
काल गडबच्या पुढं रस्त्यावर पाणी, एसटी परत फिरली. आज फ्लॉपी काढली. पांढरीफटक. तिच्या तोंडावरचा पत्रा सरकवला तर करकर. आत पावडर. डोळे आखायच्या बारीक ब्रशनं झटकली, अजून आत गेली. देवा, काय करून बसले.

३० जुलै
शेजारच्यांकडे शारदाचा फोन. "फ्लॉपी बरी हाय ना गो मावशे?" "हाय गो, एकदम बरी." जीभ कशी वळली...

३ ऑगस्ट, रवि.
सरांच्या दारापर्यंत गेले. विचारवेना. गटात म्हटलं, घरी विसरले. पिशवीतच होती. शारदा हसली, "गणपतीचा डोळा आखायला इसरता का कधी?" पिशवी मी पायाशी ओढली.

७ ऑगस्ट
डावा डोळा तिरका गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा. कारखानदार म्हणाला, "काकी, बाप्पा कुणाकडं बघतोय?" पुसून पुन्हा आखला. फ्लॉपीचं तसं नाही.

१० ऑगस्ट, रवि.
पायरीवरच दोघांना सांगितलं. शारदा म्हणाली, "म्हंजी मिठागरच आता." नीलेश: "बोरिक? मुंग्या नाही लागणार म्हणजे." मग, "त्याच दिवशी विचारायचं हो मावशी." सरांनी दोन मशीनवर घालून पाहिली, नुसती करकर. एका जाणत्याला दाखवतो म्हणाले. भरवसा नाही. परीक्षा पुढल्या रविवारी.
मग नीलेशनं मलाच खुर्चीत बसवलं. "माहिती तुमची, आता बोटंही तुमची." विचारलं, "खालच्या ओळीवर कसं जायचं गो?" शारदानं माझं बोट धरून कळ दाबली. सात कारखाने झाले. बाकी पंधरा.
नीलेश पाळीला गेला. ते सात नव्या फ्लॉपीत, ती टेबलावर. कुणाकडे ठेवायची ते ठरायचंच राहिलं. शारदानं जाताजाता ती माझ्याकडे सरकवली, ती आता दारात उभी आहे, मी टेबलाशीच हे लिहितेय. एसटीची वेळ झाली. मी अजून उचललेली नाही.