माझ्या हातचं निळं तिकीट

प्रिय घाईबुवा,

हो, ‘प्रिय’च लिहिलंय. मास्तरांनी तुला ठेवलेलं हे नाव नुसतं कोरडं लिहायला हात होईना. तुझं पाकीट मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर दिसल्यावर आत्या म्हणाली, आधी तोंडाला जरा पावडर लाव आणि मग उघड. मी तसंच उघडलं. आत जहाजाचं चित्र असलेलं निळं टपाल तिकीट, तपासणी मंडळाचा दाखला आणि तुझी गोड गोड चिठ्ठी. पुढच्या महिन्यात लिलाव आहे, तिकीट अस्सल असल्याबद्दल मंडळातल्या दोघांनी सह्या केल्यात, तिसरी तेवढी तुझी हवी, तुझ्या नजरेवर माझा जेवढा विश्वास तेवढा कुणाच्याच नाही, वगैरे. तर ऐक. सही मी करणार नाही. आज नाही, उद्या नाही, दारात येऊन धरणं धरलंस तरी नाही.

मास्तरांची ती माळ्यावरची खोली आठव. उत्तरेची खिडकी, कारण जुन्या तिकिटाचा खरा रंग उत्तरेच्याच उजेडात कळतो असा त्यांचा हट्ट. खिडकीशी तुझं टेबल आणि माझं, मधे धूर ओकणारी शेगडी. पहिले कित्येक महिने त्यांनी आपल्याला तिकिटाला हातसुद्धा लावू दिला नाही, नुसते कागद चाचपायला लावले. मग कडेचे दाते मोजणं आलं, डिंकाचा वास घेणं आलं. हे निळं तिकीट तर त्यांचं लाडकं. पहिली छपाई पिवळसर, खरबरीत कागदावर. पुढे सरकारने जुनाच साचा काढून हौशी लोकांसाठी पांढऱ्याशुभ्र कागदावर फेरछपाई केली. तीही सरकारीच, पण पहिलीच्या पासंगालाही पुरणार नाही. तू दर वेळी घाई करून फसायचास आणि मास्तर तुला घाईबुवा म्हणायचे. मी चिमटाबाई, कारण चिमटा हातातून सुटायचाच नाही.

आणि त्यांची ती शेवटची परीक्षा! ज्याला नक्कल करता येत नाही त्याला नक्कल ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक शिष्याने एक तिकीट स्वतःच्या हाताने बनवायचं. अटी दोन. नकलेत आपली एक जाणूनबुजून केलेली चूक ठेवायची, आणि पाठीवर शाईने ‘नक्कल’ असं लिहायचं. मग मास्तरांनी बघितली की थेट शेगडीत. तुझी नक्कल त्यांनी लांबूनच ओळखली आणि आपण पोट धरधरून हसलो. माझ्या नकलेसाठी मी तांब्याचा पत्रा कोरला, एका जुन्या वहीचं कोरं पिवळं पान मिळवलं, डोळ्यांच्या खाचा करून घेतल्या. डाव्या कोपऱ्यातली शेवटची लाट खऱ्या तिकिटात मधेच तुटते. मी ती सलग जोडली. मास्तर भिंग लावून बराच वेळ बघत बसले. शाब्बास म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. ते एवढंच म्हणाले, ही पोरगी एक तर तुरुंगात जाईल नाही तर माझ्या खुर्चीत बसेल. तुरुंग चुकला, मंडळातली त्यांची खुर्ची मिळाली.

मी ते तिकीट शेगडीकडे नेलं तेव्हा माझा हात कुणी धरला? तूच. हे जाळू नकोस, मला दे, जन्मभर जपेन, असं म्हणालास. मी दिलं. त्या दिवशी तू काहीही मागितलं असतंस तरी दिलं असतं, इतकी मी तुझ्यावर भाळले होते, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही. पुढे तू त्या व्यापाऱ्याचा जावई झालास आणि त्याच्या पेढीवर जाऊन बसलास. मी रडले, रागावले, मग कामाला लागले. पण काही झालं तरी माझं तिकीट तुझ्या कपाटात आहे, हा विचार मी किती वर्षं उराशी धरला असेल! वेडीच मी.

परवा तुझं हे ‘अस्सल’ तिकीट काळ्या बशीत ठेवून त्यावर बेंझिनचे थेंब टाकले. बेंझिनमध्ये कागद जिथे झिजलेला असतो तिथे काळा दिसतो. पाठीवर मधोमध एक लांबट काळा डाग उमटला, बरोबर एक शब्द मावेल एवढा. तिथलं खरवडून वर ताजा डिंक फासलाय. मग भिंग घेतलं आणि लाट बघितली. जोडलेली. स्वतःचं अक्षर ओळखायला कुणाला साक्षीदार लागतो का रे? मंडळातल्या त्या दोघांना मी दोष देत नाही. जांभळ्या दिव्याखाली फेरछपाईचा पांढरा कागद चमकतो, हा चमकला नाही, म्हणजे पहिली छपाई, असं म्हणून ते मोकळे झाले. कुणा पोरीने माळ्यावर बसून असलं काही केलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही.

पण तू? एक तर हे मीच केलेलं आहे हे तू साफ विसरलास, नाही तर आठवत असूनही ही बया आपल्यासाठी गप्प बसेल असं धरून चाललास. यातलं जास्त वाईट कोणतं, ते ठरवायचा नाद मी सोडला. तो शब्द खरवडताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही का, नालायका?

आत्याला सगळं सांगितलं. ती म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची, तिकीट खोटं एवढंच कळव आणि गप्प बस. नकला करणारी बाई म्हणून एकदा नाव झालं की तुझ्या सहीला कोण विचारतं, पोटावर पाय येईल. खरं आहे तिचं. मंडळ मला काढेल, बहुतेक काढेलच. पण मी नुसतं ‘खोटं’ लिहिलं तर तू काय करणार, ते मला पाठ आहे. कपाळावर हात मारून म्हणशील, अरेरे, मलाही कुणीतरी फसवलं! लोक हळहळतील आणि तू पुढचं तिकीट काढशील. कर्ता अज्ञात राहिला की विकणारा नेहमी साळसूद ठरतो.

म्हणून मी अहवालात कर्त्याच्या जागी स्वतःचं नाव लिहिलंय. तो तांब्याचा पत्राही मी जपून ठेवलाय. कुणी वेडी ठरवायला आलं तर सगळ्यांसमोर पुन्हा छापून दाखवीन. आता तुला वाटलं असेल, जे आपल्याला तोंडपाठ आहे ते ही बाई मास्तरांपासून, शेगडीपासून एवढं फोड करून का सांगतेय. कारण हे पत्र तुझ्या एकट्यासाठी नाही. याची एक प्रत तिकिटासोबत, अहवालाला जोडून, आधी मंडळाकडे जातेय. तू हे वाचेपर्यंत त्यांनी ती वाचलीही असेल. तुझ्या हाती ही नंतर पडतेय. या एका बाबतीत घाई मी केली.

एके काळची तुझीच,
चिमटाबाई