मी उघडपणे सांगणार आहे

रविवार, ५ जानेवारी
आज नक्की ठरलं. बाप्तिस्मा घेणार. त्याआधी बाबांना उघडपणे सांगणार. गोपालदादा आज म्हणाले, येशूच्या मागे लपून जाता येत नाही. घर, नाव, नोकरी सगळं त्याच्यानंतर. रोज आपला क्रूस उचलायचा. ऐकून स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली. थंडीमुळे असेल.
गोपालदादांचं जाम गावाला हायवेवर टायरचं दुकान आहे. मागच्या खोलीत प्रार्थना होते. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतून एवढ्या लांब एसटीने जातो ते तिथल्या शांततेसाठी. वर्ध्यात, मी क्लार्क आहे त्या कॉलेजचं कोणी बघेल म्हणून नव्हे. घरी 'प्लॉट बघायला जातो' म्हणतो. यात खोटं काही नाही. बसच्या खिडकीतून प्लॉट दिसतातच.

सोमवार, ६ जानेवारी
बाबांसमोर दोनदा उभा राहिलो. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी हेडमास्तरसारखंच बघतात. 'काय हवंय?' म्हणाले. पेपर मागितला. त्यांचं बीपी वाढलेलं वाटलं. प्रेमापोटी थांबलो.

बुधवार, ८ जानेवारी, सकाळी
नवीन प्लॅन. आधी मंजुषाला सांगायचं, मग बाबांना. बायको म्हणून तिचा हक्क आहे. तिला काहीच कल्पना नाही, धक्का बसेल. म्हणून हळूहळू सुरुवात केली. म्हटलं, माणसाच्या आयुष्यात एक वळण येतं. तीळ निवडता निवडता ती म्हणाली, 'जामचं वळन काय?'
प्लॉटचे भाव सांगितले. बिचारीला प्लॉटची फारच आशा लागलेली दिसते.

रविवार, १२ जानेवारी
आज अक्षर वाईट येतंय.
प्रार्थना चालू असताना दोन पोलीस आले. कोणीतरी तक्रार केली आहे, की गोपालदादा लोकांना फसवून नादी लावतात. नावं लिहायला लागले. मंदाबाई वांगी विकतात, त्यांनी नाव सांगितलं, गावही सांगितलं. मग माझा नंबर. डोळ्यांसमोर बाबा दिसले, प्रिन्सिपल दिसले, सगळी गल्ली दिसली. तोंडातून निघालं, 'मी पंक्चर काढायले आलतो.'
'गाडी कुठं हाय?'
म्हटलं, एसटीनं आलो.
'मंग एसटी पंक्चर झाली काय?'
कोणी हसलं नाही. गोपालदादांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मला जाऊ दिलं. त्यांना जीपमध्ये बसवलं. मी स्टॉपवर येऊन पहिली एसटी पकडली.
एक मात्र नोंदवून ठेवतो. मी येशूला नाकारलं नाही. येशूबद्दल कोणी विचारलंच नाही.

सोमवार, १३ जानेवारी
अंजूवहिनींचा, म्हणजे गोपालदादांच्या बायकोचा फोन. दुकान बंद आहे, दादांना कालपासून ठाण्यात बसवून ठेवलंय. तक्रारीत लिहिलंय की वर्ध्याच्या एका क्लार्कला फसवलं. वर्ध्याचा क्लार्क तिथे मी एकटाच. वहिनी रडत होत्या. 'भाऊ, तुम्ही एकदा येजा. फक्त खरं सांगजा, आपल्या मनानं येतो म्हनून.'
हो म्हणालो. उद्या जाणारच. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. नोकरी गेली तर गेली. नोकरी जाते का, हे कोणाला विचारावं?

मंगळवार, १४ जानेवारी, दुपारी
सकाळपासून कणकण. थर्मामीटर नॉर्मल दाखवतो, पण ते जुनं आहे. पांघरूण घेऊन पडलो. मंजुषा तिळगूळ द्यायला बाहेर गेली, बराच वेळ झाला.

संध्याकाळी
ती ठाण्यात गेलती. एकटी. माझ्या फोनवर वहिनींचे मिस्ड कॉल बघून तिनेच फोन लावला. ठाणेदाराला म्हणाली, 'माह्या नवऱ्याले कोनी फसवलं नाई. ते आपल्या पायानं जाते. मले पटत नाई, माहा देव येगळा हाय. पन मानूस आत बसला असताना खोटं कसं राहू देऊ?' सही केली. गोपालदादा सुटले.
तिला कधीपासून माहीत होतं? विचारायची हिंमत झाली नाही. मग ती म्हणाली, तक्रारीवर सही बाबांची होती.
म्हणजे बाबांनाही माहीत होतं. घरात फक्त मलाच माहीत नव्हतं की सगळ्यांना माहीत आहे.
आत्ता बाबा खोलीत येऊन गेले. दाराला धरून उभे होते. असं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हळूच म्हणाले, 'श्रीनिवास, एकदाच सांग. तू खरंच त्यांचा झालास का? मी काही करणार नाही.'
स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मंजुषा ऐकत होती.
एकच शब्द होता. तोंडात आलेलाही होता.
मी म्हणालो, 'मंजुषाला विचारा.'
बाबा खरंच तिला विचारायला गेले.