बंद पडलेल्या इंजिनाचा आवाज

आई, सकाळपासून मला एका जागी बसवत नाहीये. कापूरहोळच्या फाट्यावर गाडी लावलीय, ढाब्यात चहा पिऊन झाला, परत गाडीत येऊन बसले, परत बाहेर आले. दादाला फोन करून सांगितलं की जेवायला घरी येतेय, आणि अजून इथंच आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, बुडाला काटं लागल्यात का. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळं मी पुढं कुठलं काम धरलं ते तुला ठाऊकच नाही. मोबाईलवर विमान चालवायचा एक खेळ असतो. खेळ म्हणायचा, पण खेळणारे तो फार मनावर घेतात. चाक टेकताना आवाज जरा चुकला तरी लांबलचक तक्रारी लिहितात. त्या विमानाचे आवाज मी करते. इंजिन, पाऊस, काचेवरचा वारा. आणि खिडकीतून जे दिसतं त्यातलंही थोडं माझ्याकडं आहे: धुरकट हवा, ढग, लांबच्या डोंगरांचे रंग. खेळ अगदी खऱ्यासारखा वाटला पाहिजे, एवढंच काम. पण खऱ्यासारखा म्हणजे कसा, यावर आमच्या पुण्याच्या लहानशा ऑफिसात रोज भांडणं होतात.

या खेपेची तक्रार अशी होती की हवेत इंजिन बंद पडलं की खेळ एकदम मुका होतो. आमचा प्रमुख माझ्याहून लहान आहे, हुशार आहे. तो म्हणाला, "तिथं भीतीदायक संगीत टाकू. ढोल, व्हायोलिन, काहीतरी. लोक घाबरले पाहिजेत." मी म्हटलं, नको, तसा आवाज नसतो. तो हसून म्हणाला, "तुला काय माहीत कसा असतो?" मी म्हटलं, मी ऐकलाय. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि मला तो दिवस सांगावा लागला. आई, तो दिवस मी तोवर कुणालाच सांगितला नव्हता.

उत्रोलीचं आपलं खाचर. भात कापून झालंय, धसकटं उभी आहेत, आपण दोघी पेंढ्या बांधतोय. माझ्या पायाला धसकट टोचलंय म्हणून मी रडका चेहरा करून उभी आहे आणि तू म्हणतेस, "टोचलं तर टोचलं, पाय काय गळून पडला न्हाई." तेवढ्यात तू मान वर करतेस. वेल्ह्याच्या डोंगरांकडून एक लहानसं पांढरं विमान येतंय, आणि त्याची घरघर नाहीच. नुसती शीळ. बारीक, वरखाली होणारी शीळ, आणि तिच्या खाली कुणीतरी जाड कापड सावकाश फाडतंय असा आवाज. तू मला खाली दाबलंस, माझ्यावर ओणवी झालीस. तुझ्या पदराला भाताच्या कोंड्याचा वास होता. मग दण, दण, बांधावरून उड्या, आणि विमान एका पंखावर कलून शेजारच्या खाचरात थांबलं.

सगळा गाव धावला. आत एकटीच मुलगी होती, विमान शिकणारी, फार तर वीसेक वर्षांची. ती स्वतःच उतरली आणि दोन पावलांवर मटकन बसली. लोकांनी असा गराडा घातला की ती दिसेना. कुणी पंखावर चढलं, कुणी पत्रा ठोकून बघायला लागलं. तू पेंढीची दोरी हातात घेऊन तशीच घुसलीस.

"सरा बाजूला! तमाशा हाय का ह्यो? पोरीला वारा लागू द्या."

आणि सरले सगळे. सरपंचसुद्धा. तू तिच्या तोंडाला तांब्या लावलास. ती रडत रडत विचारत होती, कुणाला लागलं का, कुणाला लागलं का.

"कुनाला न्हाई लागलं. भाताच्या पेंढ्या मोडल्या, त्या काय रडत न्हाईत. तू कशापायी रडतीस? जिती हायेस न्हवं?"

ती एकदम हसली. नाक पुसत, हिसके देत हसली. गाड्या येऊन तिला घेऊन जाईपर्यंत तिनं तुझा हात सोडला नाही, आणि तूही सोडवून घेतला नाहीस.

काही महिन्यांनी ती परत आली, तिच्या सरांना घेऊन, पेढे घेऊन. सर म्हणाले, ताई, तुम्हाला एकदा वर फिरवून आणायचंय, या तुम्ही. आबा लगेच म्हणाले, "छ्या, ती कुठं येतीय. गुरांचं कोन बघनार?" तू चुलीपुढं होतीस. भाकरी तव्यावर टाकलीस, हात झटकलेस आणि म्हणालीस, "गुरांचं तुमी बघा. म्या जानार." आबांना तोंडावर असं बोलताना तुला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी तुझ्याबरोबर एसटीनं त्यांच्या विमानतळावर आले, पण विमानात मागं एकाच माणसाला घेणार होते, आणि मी कुंपणाशी उभी राहिले. तू नवं लुगडं पायांत घट्ट खोचून आत चढलीस. वळून बघितलंही नाहीस.

उतरल्यावर मी शंभर प्रश्न विचारले. परतीच्या एसटीत तू खिडकीला बसलीस आणि पूर्ण रस्ता आभाळाकडं नाही, जमिनीकडं बघत होतीस. आठवडा गेला. मग एकदा भांडी घासता घासता आपणहून बोललीस. "वर आवाज लई. पन कानात न्हाई येत त्यो, हितं येतो," म्हणत राखेचा हात छातीच्या मधोमध ठेवलास. "आन डोंगर बसल्यागत दिसत्यात गं. एवढा चढून दम लागतो, वरनं बघावं तर निस्ती चादर चुरगळल्याली." आणखी काय दिसलं, मी विचारलं. "दिसलं लई," म्हणालीस, आणि घासलेलं पातेलं परत घासायला घेतलंस.

गेले तीन महिने मी त्या दोन वाक्यांच्या मागं लागलेय. खेळात आम्ही डोंगर आहेत त्याहून उंच काढायचो, दिसायला झोकदार म्हणून. मी ते खरे तेवढेच केले. प्रमुख म्हणाला, "मग मजा काय राहिली?" मी त्याला वेल्ह्यावरून विमान नेऊन दाखवलं, सकाळचं तिरपं ऊन, सुरकुत्यांसारख्या सोंडा, त्यांच्यावरून पळणारी विमानाची सावली. त्यानं डोंगर तसेच राहू दिले. आवाजानं मात्र जीव काढला. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून जाड आवाज निघतच नाही. तो छातीत कुठून येणार? शेवटी फोनच्या थरथरीचाच उपयोग केला, इंजिनाच्या ठेक्यावर फोन तळहातात थरथरेल असं. छाती नाही तर निदान हात. आणि इंजिन बंद पडलं की ती थरथर एका क्षणात जाते. तेव्हा कळतं की इतका वेळ हातात काहीतरी जिवंत होतं.

शीळ काही केल्या सापडेना. मी माईक घेऊन वेल्ह्याच्या वर, धनगरांच्या वस्तीकडं गेले. वारा भरपूर, पण नुसता भणभण. दुपारभर फिरले, चिडले, बिस्किटं खाल्ली, परत फिरले. एक म्हातारी मेंढरांमागं उभी राहून कधीची बघत होती.

"काय ऐकतीस गं बाय?"

"वारा, आजी."

"आन त्याचं काय करनार?"

"मोबाईलात घालणार."

"हितं फुकट मिळतोय त्यो, मोबाईलात कुनाला पायजे?" ती इतकी हसली की मेंढरं बावरली. मलाही हसू आलं, आणि हसू थांबल्यावर शीळ ऐकू आली. म्हातारीच्या मागं मेंढरं कोंडायच्या वाड्याला ताणून मारलेली तार होती, वारा तिला कापत होता. बारीक, वरखाली. मी तिथंच खाली बसले. म्हातारीनं घाबरून विचारलं, भोवळ आली का. मी म्हटलं, न्हाई आजी, घावलं.

ऑफिसात ऐकवलं तेव्हा निवृत्त वैमानिक काका आले होते, ते आमचा खेळ तपासून देतात. त्यांनी फोन हातात घेतला, मी इंजिन बंद केलं. थरथर गेली, शीळ सुरू झाली. काकांनी विमान कसंबसं एका मोकळ्या माळावर उतरवलं आणि तळहात पँटला पुसला. प्रमुख म्हणाला, "संगीत नको." मला वाटलं होतं, हे झालं की जीव शांत होईल. उलट त्या दिवसापासून झोप मोडते, जेवणात लक्ष लागत नाही. नवा आवाज ऐकून खेळणारे कौतुकानं लिहितात आणि मला वाटतं, पण हे तर तिनं सांगितलं तेवढंच आहे. जे सांगितलं नाही त्याचं काय?

काकांच्या ओळखीत एकाचं लहान विमान आहे. उद्या सकाळी ते मला घेऊन जाणार आहेत, भोरवरून वेल्ह्यापर्यंत आणि परत. ऑफिसात, दादाला, सगळ्यांना सांगितलंय की आवाज एकदा खऱ्या विमानात जुळवून बघायचाय. हे सगळं मी मोबाईलवरच लिहिलंय, पाठवायला नंबर नाही. तुझ्याकडं कधी फोनच नव्हता. म्हणून तुला तेवढं खरं सांगते. आवाजाचं काम मागच्या आठवड्यातच संपलंय, आई.