पाणी मानपाड्याचं, टेबल बाळकुमचं

बाळकुम, ठाणे
११ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णा यांस,
सुमेधाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ऐकू आलं तर पटत नाही, म्हणून हे पत्र. साईनाथ रोज मानपाड्याला कंपनीत येतातच. जावई म्हणून नाही तर पोस्टमन म्हणून तरी त्यांना चहा द्या. तुमच्याकडे त्यांनी खाल्लेलं चालतं. अडचण फक्त उलट दिशेला आहे.

सोबत नूडल्सचं बाऊल आहे, गोड-तिखट. झाकण अर्धं सोलायचं, पुड्या फोडून आत रिकाम्या करायच्या, उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं. जन्मभर मास्तर होतात, पोरांचे पेपर तपासलेत. याचाही तपासा.

आता खरं कारण. आईचं वर्षश्राद्ध झालं. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा नियम तुम्ही माझ्या लग्नापासून आजवर चालवलात. अण्णा, मी आता सेहेचाळीस वर्षांची आहे. नातवंड झालंच तर आधी पेपरात छापून येईल. आई इथे यायची, माझ्या ओट्याशी उभी राहून वालाची उसळ करून द्यायची आणि घोटभर पाणी न पिता पिशवी उचलून निघायची. तिचं तसंच राहून गेलं. तुम्ही एकदा माझ्या टेबलाशी बसून खा. असलं बाऊल मी शिजवत नाही, कारखान्यातून सीलबंद येतं. शास्त्रात याला सूट असणारच.

तुमचा लोभ आहे हे ठाऊक आहे. तो तिथे बसून वाढवू नका, इकडे घेऊन या.

आपली,
सुमेधा


मानपाडा, डोंबिवली पूर्व
१५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुमेधा हिस,
अनेक आशीर्वाद.

बाऊल पोचलं. साईनाथराव चहा बशीत ओतून प्यायले. संस्कार शाबूत आहेत.

निकाल असा. झाकण अर्धं सोला म्हणतात, ते पुरतं हातात आलं. शेवटी वर ताटली ठेवली. वास काकवीत मिरचीपूड सांडल्यासारखा. पहिला घास गोड लागतो, माणूस गाफील राहतो, आणि दुसऱ्या घासाला तिखट मागून येऊन कानाखाली वाजवतं. आमचे एक हेडमास्तर असेच होते. शेवया चमच्यात थांबत नाहीत, सदऱ्यावर उतरतात. गाजराचे तुकडे हजेरी लावून पळालेले. शंभरात अठ्ठेचाळीस. शेरा: हुशार आहे, पण दंगा करतो. बावन्न देणार होतो; एकट्यानं खावं लागलं म्हणून चार कापले.

राहिलं शास्त्र. शेवया कारखान्याच्या, पण पाणी तुझ्याच घरचं ना? आणि खरं सांगू का, त्या नियमावर माझा विश्वास कधीच नव्हता. नियम विमलचा, तुझ्या आईचा. भर उन्हात तुझ्याकडून परतायची ती दारातूनच पाणी मागायची, चपला काढायचाही धीर नसायचा. मी चिडायचो. म्हणायचो, लेकीचं घर आहे, वैऱ्याचं नाही. ती म्हणायची, तुम्ही गप्प बसा, मी पाळतेय म्हणून तरी देव सुमीकडे बघेल.

तुझ्यासाठी काढलेली तहान होती ती. आता मी तुझ्याकडे येऊन एका बाऊलासाठी नियम मोडला, तर तिचा सगळा उपास फुकट गेला असं होईल. ते मला जमत नाही, बाळ.

राग धरू नकोस; धरलास तर पत्रातून धर, म्हणजे वाचता तरी येईल.

तुझा,
अण्णा


बाळकुम, ठाणे
२० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं. नियम ठाऊक होता, पण आई तो माझ्यासाठी तहान काढून पाळते हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, नियम हे निमित्त, जावयाच्या घरात तिला परकं वाटतं. तिच्यासाठी भरलेला पेला तसाच राहायचा आणि मी तो बेसिनमध्ये ओतताना मुद्दाम आवाज करायचे. तिला ऐकू जावा म्हणून.

तर नियम मोडू नका. पाणी तुमचं आणा. थर्मास भरून मानपाड्याचं उकळतं पाणी, सोबत पाठवलेलं दुसरं बाऊल तुमच्या पिशवीतून, चमचाही तुमचाच. माझं फक्त टेबल, आणि टेबल कोणी खात नाही. हसू नका; जमिनीच्या दाव्यांत आपल्या भाऊबंदांनी याहून बारीक पळवाटा काढल्या आहेत. आईचं काही फुकट जात नाही आणि मला तुम्ही जेवताना दिसता. एवढंच हवंय.

रविवारी साईनाथ न्यायला येतील. नाही म्हणायचं असेल तर त्यांच्या तोंडावर म्हणा. त्यांना नकार ऐकायची सवय आहे, माझ्याशी संसार करतात.

आपली,
सुमेधा


बाळकुम, ठाणे
२५ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप अण्णांस,
काळजीपूर्वक नमस्कार.

काल तुम्ही आलात, पिशवीतून थर्मास, बाऊल, चमचा आणि हात पुसायला पंचा काढलात. परीक्षेला बसल्यासारखे. आम्ही समोर भाकरी-भाजी घेऊन बसलो. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं आणि मध्येच तुम्हाला ठसका लागला. डोळे भरले, तुम्ही हात पुढे करून पाणी मागितलंत, मी माठातलं दिलं, तुम्ही पेला रिकामा केलात. परत जाताना गाडीत बोलला नाहीत, असं साईनाथ सांगतात.

अण्णा, मनाला लावून घेऊ नका. जीव घाबरल्यावर घेतलेलं पाणी कोणी धरत नाही. ती बाऊलाची चूक, तुमची नाही. माझीच खरं तर. कमी तिखट मिळतं, ते आणायला हवं होतं. दापोलीच्या आत्याला मी सांगणार नाही. यापुढे हवं तर नुसते बसायला या. पण या.

आपली,
सुमेधा


मानपाडा, डोंबिवली पूर्व
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुमेधा हिस,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे जास्त.

वकिली उत्तम केलीस, पण आरोपीच कबूल करतोय. थर्मासच्या झाकणात पाणी उरलं होतं. कोमट झालं होतं, ठसक्याला पुरलं असतं. ठसका खरा होता. इतका मोठा नव्हता.

झालं असं की मी वर पाहिलं. तुझ्या हातात भाकरीचा तुकडा तसाच होता. तू जेवत नव्हतीस, माझा चमचा बघत होतीस. विमलनं एवढी तहान काढली ती तुझं घर भरलेलं राहावं म्हणून, आणि मी त्याच घरात आपलं पाणी काखेत मारून बसलो होतो, एसटी स्टँडवर बसावं तसा. मग मागितलं.

गाडीत बोललो नाही कारण मनातल्या मनात तिला सगळं सांगत होतो. तिनं उत्तर दिलं नाही. रागावली की अशीच गप्प बसायची, आणि पटलं की तेव्हाही. त्यामुळे नक्की काय ते मला कळलेलं नाही. आता कळायचंही नाही. ते माझं मी बघतो.

रविवारी येतो. नूडल्स नकोत. भात मऊ लाव, दाढा उरलेल्या नाहीत. आमटीला तिखट जपून. आणि मी नको नको म्हणालो तरी आणखी एकदा वाढ.

लोभ पोटभर असावा.

तुझ्याकडे जेवायला येणारा,
अण्णा